उरलेले हॉप्स आणि हजार बाटल्या

गेल्या सप्टेंबरात मी अमेरिकेत पोर्टलंडला आतेबहिणीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांत घालायला मटार हवेत म्हणून तिचा फ्रीझर उघडला, तर चंदेरी रंगाचे एक फुगीर पाकीट थेट माझ्या पायावर पडले. आत पाहिले, तर मटार आणि खवलेला नारळ एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेले आणि बाकीची जागा अशाच पाकिटांनी व्यापलेली.

‘‘ताई, हे काय आहे गं?’’

‘‘तुझ्या भाऊजींना विचार. तो फ्रीझर माझा आहे, असं म्हणायचं मी केव्हाच सोडलंय.’’

भाऊजी वर्तमानपत्रामागून हसले. पाकिटांत हॉप्स होते. बीअरला कडू चव आणि सुगंध देणारी हीच ती फुले. भाऊजींना घरच्या घरी एल बनवण्याचा छंद आहे. एल म्हणजे साधारण १८ ते २० अंश तापमानाला आंबवलेली बीअर. पोर्टलंड ज्या ओरेगन राज्यात आहे तिथे आणि शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात हॉप्सचे मोठे पीक येते. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात नवी फुले उतरतात, तेव्हा जुना माल स्वस्तात निघतो. स्वस्त दिसले की हात आवरत नाही, हे साड्यांच्या बाबतीत जेवढे खरे तेवढेच हॉप्सच्या बाबतीतही!

या सदरात आपण वेगवेगळ्या घरांतले छंद पाहतो. आजचा छंद आपल्या घरातला नाही आणि आपल्याकडे तो कायद्यातही बसत नाही. त्याविषयी शेवटी सांगेनच. पण ‘घरात एखादी वस्तू उरली, आता ती संपवायची कशी?’ हा प्रश्न मात्र घरोघरचा आहे. म्हणून ही हकीकत.

ताईचा हिशेब

अमेरिकेत घरी बीअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ साली. त्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली. घरात दोन प्रौढ माणसे असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १०० गॅलन बनवता येते. विकता मात्र एक थेंबही येत नाही. त्याच वर्षी चार्ली पापाझियन यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी घरगुती बीअर बनवणाऱ्यांची संघटना सुरू केली आणि छंद देशभर पसरला. ब्रिटनमध्ये त्यासाठी लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला होता.

भाऊजींची एक खेप १९ लिटरची, म्हणजे ४८ बाटल्यांच्या आसपास. आदल्या वर्षीही असेच हॉप्स उरले होते. ‘फेकून कशाला द्यायचे?’ म्हणून त्यांनी तब्बल ३०० ग्रॅम हॉप्स एकाच खेपेत घातले. निम्मे उकळीत, निम्मे आंबताना. बीअर इतकी कडू झाली की पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन पेले हळूच कुंडीत रिकामे केले. तेवढ्यावर भागले असते तरी बरे. बाटल्या भरून दोन आठवडे झाले आणि एका संध्याकाळी गॅरेजमध्ये तीन बाटल्या फटाक्यासारख्या फुटल्या.

‘‘दहा मिनिटं आधी आमचा मुलगा तिथून सायकल काढून गेला होता,’’ ताई सांगत होती. तिचा आवाज अजूनही कापत होता.

यंदा फ्रीझरमध्ये मॅग्नम जातीचे ४५० ग्रॅम, कॅस्केडचे ४५० ग्रॅम आणि सेंटेनियलचे उघडलेले, जुने ८० ग्रॅम हॉप्स होते. शिवाय परसातल्या दोन वेलींवरची फुले उतरायची होतीच. भाऊजी पाककृतींची पुस्तके घेऊन बसले. ताईने कागद-पेन्सिल घेतली.

‘‘एका खेपेला सरासरी ५० ग्रॅम धरा. जवळपास एक किलो हॉप्स म्हणजे वीस खेपा. वीस गुणिले अठ्ठेचाळीस... नऊशे साठ बाटल्या! हॉप्स संपवायला बीअर करायची आणि बीअर संपवायला प्यायची, असंच ना?’’

भाऊजी गप्प झाले. कायदा चाळीस खेपांनासुद्धा हरकत घेत नाही, पण शरीराचा आणि संसाराचा कायदा वेगळा असतो. काटकसरीच्या नावाखाली पिणे वाढावे, ही भीती ताईने त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलून दाखवली. मग असे ठरले की थंडीच्या पाच महिन्यांत फक्त चार खेपा करायच्या. त्या कोणत्या, हे पुस्तक ठरवणार नाही, फ्रीझर ठरवेल. आणि उरेल ते वाटून टाकायचे.

फोडणी आणि कोथिंबीर

पाककृती निवडण्याआधी हॉप्स काय काम करतात ते समजून घ्यायला हवे. बार्लीला मोड आणून, वाळवून माल्ट करतात. ते गरम पाण्यात भिजवले की गोड पाणी निघते. हे गोड पाणी साधारण तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स घालतात. नंतर ते थंड करून यीस्ट घातले की आंबण्याची क्रिया सुरू होते.

हॉप्सच्या शंकूसारख्या फुलात पिवळी भुकटी असते. त्या भुकटीत दोन गोष्टी असतात : अल्फा आम्ल आणि सुगंधी तेल. आम्लाचा कडूपणा पाण्यात उतरायला बराच वेळ उकळावे लागते. तेल मात्र उकळताच वाफेबरोबर उडून जाते. म्हणजे आधी घातलेले हॉप्स कडू चव देतात, शेवटी घातलेले सुगंध देतात. आपण नाही का, मेथ्या फोडणीत घालतो आणि कोथिंबीर पातेले उतरवल्यावर? अगदी तसेच.

कडूपणाचा अंदाज घरच्या वजनकाट्यावरही काढता येतो. हॉप्सचे ग्रॅम गुणिले पाकिटावर छापलेली अल्फा आम्लाची टक्केवारी गुणिले १०, भागिले लिटर. तासभर उकळले तर या आकड्याचे साधारण २३ टक्के, १५ मिनिटे उकळले तर साधारण १२ टक्के आणि ५ मिनिटे उकळले तर जेमतेम ५ टक्के पदरात पडतात. उदाहरणार्थ, १३ टक्क्यांचे मॅग्नम १२ ग्रॅम घेऊन १९ लिटरमध्ये तासभर उकळले, तर कडूपणाचे सुमारे १९ अंक मिळतात. नेहमीच्या पेल एलला ३० ते ४० अंक पुष्कळ झाले. भाऊजींनी हा हिशेब आदल्या वर्षी केला असता, तर कुंडीतले झाड वाचले असते!

आधी वास, मग पाककृती

आम्ही तिघांनी मिळून सगळी पाकिटे टेबलावर मांडली. आपण कैऱ्यांचा ढीग आला की कडक कैऱ्या लोणच्याला, पिकत आलेल्या पन्ह्याला आणि डागाळलेल्या बाजूला काढतो. तशीच ही निवड.

पहिली पाहणी पाकिटाची. हवा, उष्णता आणि उजेड हे हॉप्सचे तीन शत्रू. हवा काढून सीलबंद केलेले पाकीट फ्रीझरमध्ये असेल तर हॉप्स बराच काळ चांगले राहतात. एकदा उघडलेले पाकीट मात्र आधी वापरावे.

दुसरी पाहणी जातीची. काही जाती टिकाऊ, काही नाजूक. १९७२ साली ओरेगनमधल्या संशोधनातून बाजारात आलेला कॅस्केड सुगंधी आहे, पण नाजूक. साध्या तापमानाला ठेवला तर सहा महिन्यांत त्याचे जवळपास निम्मे अल्फा आम्ल जाते. जर्मन मॅग्नम त्यामानाने चिवट. तेव्हा दोन्ही असतील तर कॅस्केड आधी संपवावा.

तिसरी पाहणी नाकाची. चिमूटभर हॉप्स तळहातावर चोळून वास घ्यावा. लिंबाच्या सालीचा, गवताचा ताजा वास आला, तर ते शेवटी सुगंधासाठी वापरावेत. वास मंदावला असेल पण स्वच्छ असेल, तर तासभर उकळण्यासाठी ठेवावेत. जुन्या चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा वास आला, तर मोह सोडावा. बेल्जियममध्ये लांबिक नावाच्या आंबट बीअरसाठी हॉप्स मुद्दाम जुने करतात हे खरे, पण ते वेगळे शास्त्र आहे. आपला निष्काळजीपणा त्याच्या नावावर खपवू नये.

निवडलेल्या चार खेपा

सर्व मापे १९ लिटरसाठी आहेत. ज्यांना इतक्या बाटल्या नकोत, त्यांनी ती सरळ निम्मी करावीत.

१. सुगीची एल : वेलीवरची ताजी फुले थांबत नाहीत, म्हणून पहिला मान त्यांचा. ४ किलो पेल माल्ट घ्यावे. कडूपणासाठी १० ग्रॅम मॅग्नम तासभर उकळावे. गॅस बंद केल्यावर १ किलो ताजी, ओली फुले घालावीत. किलोचा आकडा पाहून दचकू नये. ओल्या फुलांत बहुतेक पाणीच असते. वाळवली तर ती जेमतेम २०० ग्रॅम भरतील. घरच्या फुलांत अल्फा आम्ल किती, ते कुठे छापलेले नसते. म्हणून त्यांच्यावर कडूपणाची जबाबदारी टाकू नये, फक्त सुगंधाची टाकावी. सकाळी तोडलेली फुले त्याच दिवशी वापरावीत. ते जमणार नसेल तर वाळवून ठेवावीत.

२. हलकी पेल एल : ही ताईची आवडती निवड. कारण हॉप्सचा सुगंध आणि मद्याचे प्रमाण यांचा एकमेकांशी संबंध नाही. ३ किलो पेल माल्ट किंवा १.८ किलो माल्टचा सुका अर्क घेतला, तर मद्याचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते आणि कॅस्केड मात्र भरपूर वापरला जातो. १० ग्रॅम मॅग्नम तासभर, ३० ग्रॅम कॅस्केड शेवटची दहा मिनिटे, ४० ग्रॅम गॅस बंद केल्यावर आणि ३० ग्रॅम आंबणे संपत आल्यावर तीन-चार दिवस.

३. नेहमीची अमेरिकन पेल एल : ४ किलो पेल माल्ट, ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. १५ ग्रॅम मॅग्नम तासभर, ३० ग्रॅम कॅस्केड शेवटची दहा मिनिटे, ४० ग्रॅम गॅस बंद केल्यावर. मद्य सुमारे ५ टक्के.

४. पोर्टर : ही काळसर, भाजक्या चवीची एल. ४ किलो पेल, ३०० ग्रॅम क्रिस्टल आणि २५० ग्रॅम चॉकलेट माल्ट. या माल्टमध्ये चॉकलेट नसते. नाव केवळ रंगामुळे पडले आहे. भाजक्या चवीपुढे हॉप्सच्या सुगंधाला इथे वाव नसतो. म्हणून वास मंदावलेले जुने सेंटेनियल ४० ग्रॅम तासभर उकळून वापरावे. जुन्या मालाला याहून चांगले ठिकाण नाही.

आता उरलेले मोजले. मॅग्नम चारही खेपांत मिळून चाळीस ग्रॅमसुद्धा लागला नाही. ४५० ग्रॅमपैकी ४१५ ग्रॅम तसाच! जहाल हॉप्स थोडेच पुरतात. स्वस्तात घेतलेले मोठे पाकीट स्वस्त पडत नाही ते असे. कॅस्केडही २८० ग्रॅम उरला. भाऊजींनी त्यातले ५०० ग्रॅम छोट्या पिशव्यांत भरून हवा काढली, प्रत्येकीवर जात, टक्केवारी आणि वर्ष लिहिले आणि ओळखीच्या छंदवाल्यांना वाटून टाकले. बाकीचे सीलबंद करून एका डब्यात ठेवले. तो डबा भरला की नवीन खरेदी बंद, असा आता त्या घराचा नियम आहे.

बाटल्या का फुटल्या?

घरी माल्ट आणि यीस्ट हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवे. आंबण्याची क्रिया पुरती संपण्याआधी बाटली बंद केली, तर आत वायू साचून काच फुटते. आंबताना पुष्कळ हॉप्स घातले तर हा धोका आणखी वाढतो. हॉप्समधली काही पाचक द्रव्ये उरलेल्या पिष्टमय पदार्थांची पुन्हा साखर करतात आणि शांत झालेले यीस्ट परत कामाला लागते. भाऊजींना वाटले आंबणे संपले, पण ते नव्याने सुरू झाले होते. म्हणून हॉप्स घातल्यानंतर घनतामापकाने ओळीने तीन दिवस माप घ्यावे आणि ते बदलत नाही याची खात्री झाल्यावरच बाटल्या भराव्यात. बाटल्या झाकणाच्या खोक्यात, मुलांचा वावर नसेल अशा जागी ठेवाव्यात.

दुसरा धोका कुत्र्यांना. ताईकडे एक प्रेमळ लॅब्रॅडॉर आहे. उकळून काढलेल्या हॉप्सचा चोथा गोडसर लागतो आणि कुत्री तो आवडीने खातात. पण हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. शरीराचे तापमान झपाट्याने वाढून जिवावर बेतू शकते. चोथा उघड्या खतखड्ड्यात टाकू नये, बंद डब्यातच टाकावा. चुकून खाल्ला गेला तर वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे.

न पिणाऱ्यांसाठी

‘‘आणि मी काय करू?’’ ताईने विचारले. ती स्वतः मद्य घेत नाही. तिच्यासाठी आम्ही हॉप्सचे पाणी केले. चार लिटर गरम पाणी घ्यावे, पण ते उकळते नको, साधारण ७५ अंशांचे असावे. त्यात आधी लिंबाचा रस पिळावा, मग ४-५ ग्रॅम कॅस्केड कापडी पुरचुंडीत बांधून दहा मिनिटे सोडावा. पुरचुंडी काढून पाणी गार करावे आणि सोडा बनवण्याच्या यंत्रातून फसफसते करून घ्यावे. यात यीस्ट नाही, म्हणून मद्यही नाही. किंचित कडसर, लिंबाच्या सालीचा वास असलेले हे पेय दुपारच्या जेवणाबरोबर मला फार आवडले. गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

नाते आपलेही आहे

या कडू फुलांचे आपल्या देशाशी जुने नाते आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या हॉजसन यांच्या बो ब्रुअरीतून पिंपेच्या पिंपे बीअर जहाजांतून हिंदुस्थानात येत असे. आफ्रिकेला वळसा घालून येताना कित्येक महिने लागत. हॉप्समुळे बीअर नासवणारे काही जिवाणू वाढत नाहीत, म्हणून या लांबच्या प्रवासाला निघालेल्या बीअरमध्ये ते सढळ हाताने घालत. पुढे एकोणिसाव्या शतकात तिला ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झाले. भाऊजींना मी म्हटले, ‘‘त्यांना मुंबई-कलकत्ता गाठायचं होतं म्हणून त्यांनी हॉप्स जास्त घातले. तुमची बाटली तर गॅरेजमधून स्वयंपाकघरापर्यंतच यायची आहे ना?’’ ताई किती तरी दिवसांनी त्या विषयावर मनापासून हसली.

आता कायद्याचे. आपल्या देशात मद्याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे. तेव्हा वाचकांनी वरची मापे इथे करून पाहण्यासाठी घेऊ नयेत. परदेशी असलेल्या आपल्या मुलाला, भावाला, जावयाला हा छंद असेल, तर हा अंक त्यांना जरूर दाखवावा.

निघायच्या दिवशी मी पुन्हा फ्रीझर उघडला. हॉप्सचा एकच डबा खाली नीट बसला होता. वरच्या कप्प्यात मटार, नारळ आणि ताईने माझ्यासाठी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या होत्या. भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, ‘‘यंदा बीअर कमी झाली, पण सगळी संपली. कुंडीत कोणी ओतली नाही.’’

घरात एखादी वस्तू उरली की ती संपवायची घाई आपण सगळेच करतो. जास्त आहे म्हणून जास्त घालतो आणि मग तो पदार्थही जातो, मनही कडू होते. आधी काय उरले आहे ते नीट पाहावे, घराला किती पेलेल ते ठरवावे आणि बाकीचे वेळेवर, चांगले असतानाच दुसऱ्याच्या हाती द्यावे. वाटून टाकलेली वस्तू वाया गेली असे कोणत्याही घरात म्हणत नाहीत.